दुसरा नारळ

आमच्या पत्रकात एक खोटं वाक्य छापून गेलं आणि ते मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला शाबासकी द्यायला नको.

पत्रक कन्नडमध्ये होतं. ते वाक्य मराठीत साधारण असं: ‘ही शेड तुमची, असा शब्द संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडानं दिला, आणि तो देताना ते आजही दिसतात आणि ऐकू येतात.’ वाक्याखाली जाड रेघ. त्याखाली मागण्या. जाड रेघ मारायला मला तेव्हा फार आवडायचं.

शेड कसली ते सांगते. हुबळीत अमरगोळच्या रस्त्याला धान्य आणि मिरची साठवणारी एक जुनी संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. तिच्या आवारात बायका सुक्या मिरचीची देठं खुडतात. दिवसभर खुडायचं आणि दिवसभर खोकायचं. कोपऱ्यात पत्र्याची शेड आहे, तीन बाजूंनी भिंत, चौथी उघडी. तिथं त्या डबा खातात, तान्ह्या पोरांना झोळीत टाकतात, नळावर हात धुतात. हात धुणं ही बारीक गोष्ट वाटत असेल तर मिरची खुडलेल्या हातानं एकदा डोळा चोळून बघा. चाळीसएक वर्षं ही शेड बायकांच्या वापरात. गेल्या वर्षी संस्थेनं नोटीस लावली की ट्रक वळवायला जागा पुरत नाही, शेड काढणार, कुणाचं काही म्हणणं असेल तर त्यांनी ठरलेल्या गुरुवारी संचालक मंडळासमोर मांडावं, सरकारी अधिकारी हजर राहतील. बायकांकडे कागद एकही नव्हता. म्हणणं मांडायचं ते कशाच्या जोरावर?

आमच्या गटात आम्ही पाच-सहाजण. पत्रकं लिहायला मला अण्णानं शिकवलं. अण्णा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना कार्यकर्ता. गिरणीच्या संपापासूनचा माणूस, आवाज असा की कर्ण्याची गरज नाही. त्याचा नियम एकच: पहिल्या तीन ओळींत समोरच्याला घाम फुटला पाहिजे.

तर मी घाम फोडणारं काहीतरी शोधत होते, आणि मला धारवाडचे सर सापडले.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. ऐंशी ओलांडलेले, कान कमी झालेले, बोलणं मात्र टापटीप. तरुणपणी त्यांना सिनेमाचं वेड होतं. एका नातेवाइकानं परदेशातून आणलेला छोटा कॅमेरा, सुपर एट म्हणतात तो, त्यांच्याकडे होता. शेडचं उद्घाटन झालं त्या दिवशी कुणीतरी बोलावलं म्हणून ते तो घेऊन गेले होते, आणि सोबत कॅसेटचा टेपरेकॉर्डर. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. दोन्ही एकत्र करायचं पुढं कधी जमलंच नाही. फिल्मचं रीळ तळहातावर मावेल एवढं. ते आणि कॅसेट एका बिस्किटाच्या डब्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी, दमट हवा लागू नये म्हणून.

“देतो,” सर म्हणाले. “पण एक अट. कापायचं नाही. तीन मिनिटं वीस सेकंद आहेत, तेवढीच्या तेवढी दाखवायची.”

“हो सर.”

मी हो म्हणाले. मला वाटतं माझं पहिलं खोटं वाक्य हेच.

कोप्पीकर रोडला माझ्या मित्राचं दुकान आहे. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी तो पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. दुकान पहिल्या मजल्यावर, खाली साडीवाला. जुनी फिल्म उतरवायचं यंत्र त्यानं स्वतः जुळवलंय. फिल्म एकेक चौकट पुढं सरकते, खालून उजेड, वरून कॅमेरा फोटो काढतो. रीळ बघितल्यावर तो माझ्याशी बोलेनासाच झाला. भिंगातून बघत राहिला.

“काय आहे?”

“थांब की. एवढ्याशा चौकटीत अख्खं गाव बसवलंय बघ सरांनी.”

खरंच, एकेक चित्र करंगळीच्या नखाहून लहान. कडेला एकाच बाजूला भोकं. अशी तीन हजार सहाशे चित्रं एका डबीत, म्हणजे एका रिळात. सेकंदाला अठरा या वेगानं बरोबर दोनशे सेकंद. सरांनी घोडा दाबला तो डबी संपेपर्यंत सोडला नव्हता. त्या काळात फिल्म जपून वापरायची, पाच सेकंद इथं, सात सेकंद तिथं. पण सरांना आवाज जुळवायचा होता, म्हणून एका दमात.

चित्र उतरलं. मी पडद्याच्या इतक्या जवळ गेले की मित्रानं मला मागं ओढलं. कोरी करकरीत शेड. दाराशी झेंडूची माळ. पांढऱ्या टोपीतले अध्यक्ष खाली वाकून दगडावर नारळ फोडतात. दहाव्या सेकंदाला. पाणी उडतं, माणसं हसतात. मग ते उठून माइकजवळ उभे राहतात, ओठ हलताहेत. पुढं लोक, बायका, आत रांगेनं बसलेल्या. शेवटाकडे कुणी बुटका माणूस माइकवर बोटानं तीनदा टकटक करतो.

मग कॅसेट लावली. आधी सगळी घरघर. त्यातून, सातव्या सेकंदाला, खाडकन नारळ फुटल्याचा आवाज. आणि आठ सेकंदांनी कर्ण्यातून एक पुरुषी आवाज, स्वच्छ, आपल्या इकडच्या कन्नडमध्ये:

“ई शेड निम्द. यारू निमग एळ्री अन्नंगिल्ल.”

ही शेड तुमची. तुम्हाला कुणी उठा म्हणायचं नाही.

मी मित्राच्या खांद्यावर बुक्की मारली. “मिळालं! हेच! नारळावर नारळ ठेव!”

सिनेमावाले शूटिंगच्या सुरुवातीला पाटी आपटतात ना, ती कशाला, हे मित्रानं मला तेव्हा सांगितलं. पाटीची फळी मिटलेली दिसते ती चौकट आणि खट् ऐकू येतं तो क्षण, दोन्ही एकावर एक ठेवले की पुढचं सगळं जुळतं. आमच्याकडे पाटी नव्हती, नारळ होता. पाटीपेक्षा चांगला, मी म्हटलं. आपल्या लोकांची पाटी.

“आधी ती घरघर काढ,” मी म्हटलं. “बायकांना शब्द ऐकू आले पाहिजेत.”

“काढतो. पण मूळची प्रत तशीच ठेवतो.”

“ठेव कुठं ठेवायची ती.”

घरघर काढली. नारळ नारळावर ठेवला. आणि काय सांगू, आवाज बरोबर अध्यक्षांच्या हलत्या ओठांवर येऊन बसला. मी टाळ्या वाजवल्या. मित्रानं नाही वाजवल्या. तो शेवटाकडे गेला.

“हे बघ. चित्रात टकटक होते तीन मिनिटांना. आवाजात त्याच्या वीस सेकंद आधीच होऊन जाते.”

“मग?”

“मग बसत नाही.”

“कॅमेरा जुना आहे. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले असतील.”

“उतरतात. कॅमेऱ्यावर अठरा लिहिलेलं असलं तरी तो साडेसतरानं धावतो, टेप थोडी हळू धावते, सगळं खरं. पण त्यानं शेकड्याला दोन, तीन, फार तर चार इतका फरक पडतो. हा तेरा होतोय.”

“आवाज ताणून बसव.”

“ताणता येतं. पण—” त्यानं चित्र एकेक चौकट पुढं नेलं. “निम्द म्हण. म्हण की.”

“निम्द.”

“ओठ मिटले ना? म म्हणताना मिटतातच. हे बघ, ह्याचे मिटत नाहीत. निमग म्हणतानाही नाहीत.”

मी बघितलं. टोपीखाली धूसर तोंड, उघडंच. दोन्ही म च्या वेळी उघडं.

आता इथं थांबायला पाहिजे होतं. मला दिसलं होतं. पण गुरुवारला पाच दिवस उरले होते, आणि माझ्या डोक्यात पत्रकाच्या पहिल्या तीन ओळी तयार होत्या.

“नखाएवढं चित्र,” मी म्हटलं. “त्यात म कुणाला दिसतोय? ताण.”

“तू म्हणतीस म्हणून ताणतो.”

“आणि शब्द संपले की काप. पुढचं नारळ वाटणं-बिटणं नको.”

“सर म्हणाले होते कापू नका.”

“सर सुनावणीला येणार नाहीत.”

हे असं मी बोलले. आता लिहिताना लाज वाटते, पण बोलताना वाटली नव्हती.

रविवारी पत्रक छापून आलं. अण्णानं वाचलं आणि मला चहा पाजला, त्याच्या लेखी हा पुरस्कारच. सोमवारी ते आवाराच्या फाटकावर, बस थांब्यावर, संस्थेच्या पायरीपर्यंत सगळीकडे वाटलं. त्याच संध्याकाळी निरोप आला की संस्थेनं वकील लावलाय. म्हणजे घाम फुटला होता. मी खूश.

मंगळवारी दुपारी डब्याच्या सुट्टीत मी शेडवर गेले. बायकांना क्लिप दाखवायची होती, गुरुवारी त्यांनी कुठं घोषणा द्यायची ते सांगायला. हो, दाखवायला पहिल्यांदा मंगळवारीच गेले. रीळ मिळून दोन आठवडे झाले होते. ज्यांची शेड, ज्यांचं उद्घाटन, त्यांना सोडून सगळ्यांना आम्ही ते दाखवलं होतं.

त्यांची म्होरकी म्हणजे अक्का. साठीची, बोटांची टोकं कायमची लाल. शेड बांधली त्या वर्षी लग्न होऊन ती हुबळीला आली. ती कन्नडच बोलते, मला तंगी म्हणते, धाकटी बहीण. मी फोन तिच्यासमोर धरला, बाकीच्या भोवती वाकल्या. खोकल्याची एक लाट येऊन गेली. नारळ फुटला. आवाज आला.

अक्कानं माझ्या हातातला फोन घेतला. “परत लाव.”

परत लावलं.

“हा तर आमचा मामा.”

मामा म्हणजे सासरा. मला आधी कळलंच नाही. “कुठं? चित्रात?”

“चित्रात कुठला! बोलतोय तो. मुकादम होता की तो इथला. हा टोपीवाला साहेब काय आमच्यासारखं बोलायचा? तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा, माननीय बंधू आणि भगिनींनो.” तिनं नक्कल केली आणि बायका हसल्या. “ह्याच्या तोंडात मामाचा आवाज कुणी घातला गं?”

मला हसू येईना. “अक्का, नीट ऐक. चाळीस वर्षं झाली. नारळ फुटतो, आणि लगेच—”

“कुठला नारळ?”

“कुठला म्हणजे?”

“दोन फुटले होते. साहेबानं दाराशी फोडला, तो त्यांचा. त्याची शकलं त्यांच्याच माणसांत वाटली. मग मामा म्हणाला, बसणार आपण, आपला नारळ नको? आणि त्यानं चुलीपाशी आमचा फोडला. फोडून माइक ओढला आणि हे बोलला. मी नवी सून, घाबरून पदर तोंडात धरला होता. साहेबापुढं असं बोलायचं म्हणजे!”

चित्रातला नारळ दाराशी फुटलेला, ऐकू येतो तो चुलीपाशी फुटलेला. मी एका नारळाचं चित्र दुसऱ्या नारळाच्या आवाजावर ठेवलं होतं.

“अक्का, हे आधी का नाही सांगितलंस?”

“आधी दाखवलंस कुठं?”

एवढंच म्हणाली आणि डबा उघडायला बसली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिथूनच सरांना फोन लावला. ओरडून विचारावं लागलं, आवारातले हमाल वळून बघत होते. सर म्हणाले, “पहिला नारळ माझ्या कॅसेटवर नाहीच. सनईत एक बाजू संपली होती. मी एका हातानं कॅसेट उलटत होतो आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा धरला होता. हात हललेला दिसत नाही का तुम्हाला?”

दिसत होता. सुरुवातीला चित्र डुलतं. आम्हाला वाटलं होतं, फिल्मचं वय झालं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी जिन्यावर बसले होते. मित्राला सगळं सांगितलं. त्यानं मूळची प्रत काढली, घरघरीसकट, आणि हेडफोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत बसला. मग हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

“घरघर ऐक. शब्द नको, घरघर.”

घर्रर्र, एकसुरी, शिवणयंत्र दूरवर चालावं तशी. मग एकदम बंद. त्यानंतर नुसती माणसं, कर्णा, खोकला.

“हा सरांचा कॅमेरा आहे,” तो म्हणाला. “टेप जवळच ठेवलेली. फिल्म संपली की मोटर थांबते. म्हणजे ही घरघर थांबते ती चित्राची शेवटची चौकट. ह्याच्यापेक्षा पक्की खूण कुठली पाहिजे? आणि आपण पहिल्यांदा तीच काढून टाकली.”

‘आपण’ म्हणाला. काढ मी म्हटलं होतं.

त्या काळी सुपर एटमध्ये आवाजाची पट्टी असलेली फिल्मही मिळायची, असं त्यानं सांगितलं. फिल्मच्या कडेला टेपसारखा तपकिरी पट्टा. त्यातसुद्धा चित्र आणि त्याचा आवाज एका जागी नसायचा, आवाज अठरा चौकटी पुढं. कारण चित्राला भिंगासमोर क्षणभर थांबावं लागतं आणि आवाजाला थांबून चालत नाही. काही कॅमेऱ्यांना तार जोडायचं छोटं छिद्र असायचं, दर चौकटीला एक टिचकी बाहेर देणारं, ती टेपवर घेतली की हिशोब चुकायचाच नाही. सरांच्या नशिबी दोन्ही नाही. एका वेळी एकच आवाज घेणारा साधा टेपरेकॉर्डर आणि ही घरघर.

त्यानं शेवटून लावत आणलं. घरघरीचा शेवट चित्राच्या शेवटावर. माइकवरची टकटक आपोआप टकटकीवर पडली. ताण किती लागला? शेकड्याला दोनसुद्धा नाही. आणि नारळाचा आवाज गेला तिसाव्या सेकंदावर, वीस सेकंद पुढं. तिथं चित्रात नारळ नाही. पण अध्यक्षांची मान झटक्यात डावीकडे वळते, बायका वळतात, एक पोर झोळीत दचकतं. दहादा बघितलेलं चित्र, आणि ते सगळे कशाला दचकले हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

आठ सेकंदांनी आवाज आला. ई शेड निम्द. चित्रात अध्यक्षांचं तोंड घट्ट मिटलेलं. रुमालानं हात पुसताहेत. माइकच्या कडेला एक कोपर आणि पटक्याचं टोक, एवढाच मुकादम.

“गेलं सगळं,” मी म्हटलं. मुकादमाच्या शब्दाला कोण विचारतं?

“पुढं बघ की. तू कापायला लावलेलं.”

पुढं कोपर हलतं. पटक्याचं टोक वाकतं. अर्धा नारळ धरलेला एक हात चित्रात येतो. अध्यक्ष रुमाल खिशात घालतात, थांबतात, मला तर ते थांबणं फार लांब वाटलं, मग दोन्ही हातांनी तो अर्धा नारळ घेतात आणि कपाळाला लावतात.

अण्णाला दुपारी दाखवलं, विद्यानगरच्या आमच्या खोलीत. बघून झाल्यावर त्यानं खुर्ची माझ्यासमोर ओढली.

“उद्या आधीची क्लिपच दाखवायची.”

“ते खोटं आहे.”

“खोटं कसं? चित्र खरं. आवाज खरा. दिवस तोच, जागा तीच. वीस सेकंद! वीस सेकंदांसाठी तू चाळीस बायकांना रस्त्यावर आणणार?”

“अण्णा, ते बोललेच नाहीत.”

“ते मेले कधीचे. येऊन सांगणार आहेत? आणि ते लोक नोटिशीत काय लिहितात ते खरं असतं? ट्रक वळत नाही म्हणे! तूच बघितलास ना ट्रक वळताना?”

बघितला होता. ऐसपैस वळतो. माझं डोकं तापलं ते ह्याचमुळं, की त्याचं निम्मं बोलणं बरोबर होतं.

“त्यांच्या वकिलानं अक्काला उभं करून विचारलं, हा आवाज कुणाचा, तर ती काय सांगेल?”

“तिला सांगायचं, गप्प बस.”

“तिला? तिच्या सासऱ्याचा आवाज आहे तो, अण्णा.”

“मग पत्रकाचं काय? गावभर वाटलंस ते?”

“चुकलं म्हणून सांगणार.”

तो उठला. “तुला लिहायला शिकवलं हीच चूक झाली,” असं दारातून म्हणाला आणि चप्पल न घालताच खाली गेला, मग चपलेसाठी परत वर आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

गुरुवारी संस्थेच्या सभागृहात संचालक लांब टेबलामागं, अधिकारी मध्ये, वकील कडेला, त्यांच्यासमोर माझं पत्रक. जाड रेघेवर त्यांनी लाल गोल काढलेला मला लांबूनच दिसला. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण खुर्च्या पुरल्या नाहीत. अण्णा आला होता. सगळ्यात मागं, हाताची घडी.

वकिलांनी सुरुवातच त्या गोलापासून केली. “आमच्या दिवंगत अध्यक्षांनी असा शब्द दिल्याचा पुरावा यांच्याकडे आहे म्हणे. दाखवावा.”

मी उभी राहिले. मग म्हटलं, “दाखवते. पण आधी सांगते, पत्रकातलं ते वाक्य बरोबर नाही. आवाज अध्यक्षांचा नाही.”

टेबलामागं कुणीतरी हसलं. आमच्या बाजूला कुजबुज झाली. वकील उठलेले होते ते बसले, आणि बसताना म्हणाले, “मग प्रश्नच मिटला.”

“तीन मिनिटं वीस सेकंद बघा,” मी म्हटलं. “न कापता.”

पडदा नव्हता, भिंतीवरच चित्र पाडलं. घरघरीसकट. त्या तीन मिनिटांत सभागृहात खोकला एकदाही थांबला नाही. भिंतीवरच्या बायका खोकत होत्या आणि भिंतीला टेकलेल्याही. नारळाच्या आवाजाला अध्यक्षांची मान वळली. मुकादमाचा आवाज आला. हात पुसणं. अर्धा नारळ. कपाळ. मग माइकवर टकटक, आणि घरघर थांबली, आणि भिंत पांढरी.

“हा कोण बोलला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझा मामा,” अक्का जागेवरूनच म्हणाली. “मुकादम.”

“मुकादमाला संस्थेच्या वतीनं बोलायचा अधिकार नव्हता,” वकील म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, कायद्यानं.

अक्का पुढं आली. “नव्हता की. कोण म्हणतंय होता? पण वकीलसाहेब, तुमचा साहेब तिथं उभा होता ना? कान होते ना त्याला? एवढा मोठा कर्णा. नाही म्हणाला का तो?”

“गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे.”

“गप्प कुठं राहिला? आमचा नारळ घेतला त्यानं. त्यांचा स्वतःचा नारळ झाला होता फोडून, वाटून. हा आमचा होता. नको असतं तर बाजूला ठेवला असता, खाली ठेवला असता. दोन हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. तुमच्या घरी कुणी नारळ दिला तर काय समजून घेता तुम्ही?”

वकिलांनी कागद चाळले. संचालकांतला एक म्हातारा, कपाळावर विभूती लावलेला, भिंतीच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, “घेतला खरा,” आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

निकाल वगैरे काही झाला नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: पहिल्या दिवसापासून शेड बायकांच्या वापरात असल्याचं दिसतं, दुसरी सोय ठरेपर्यंत तिला हात लावू नये, पुढची तारीख कळवू. वकिलांनी माझ्या पत्रकाची प्रत मागितली, ती कागदात लावली. ती तिथं राहणार, जाड रेघेसकट. पुढच्या तारखेला ते ती काढतीलच आणि विचारतील, ही माणसं आज खरं बोलताहेत कशावरून. त्यांचा तो हक्क मी स्वतःच्या हातानं त्यांना दिलाय.

बाहेर आल्यावर अण्णानं विडी पेटवली. “त्या म्हातारीनं वाचवलं तुला.”

“मला नाही, शेडला.”

“तेच ते.”

“ते तेच नाही, अण्णा.”

दुसरं पत्रक मी शुक्रवारी लिहिलं. आधी शेडवर नेऊन वाचून दाखवलं. अक्कानं दोन ठिकाणी थांबवलं, मुकादमाच्या नावाआधी त्याच्या गावाचं नाव घालायला लावलं. तिला फिल्म फोनवर हवी होती. साफ केलेली देऊ का विचारलं तर म्हणाली, “कसली साफ? सगळी दे.”

मग ते अण्णाकडे. त्यानं चष्मा लावून वाचलं, लाल पेन काढलं. पहिल्याच ओळीवर अडकला. मी लिहिलं होतं: ‘आमच्या आधीच्या पत्रकात एक वाक्य खोटं होतं.’

“चुकीचं होतं, असं लिही,” तो म्हणाला. “दोन नारळ होते, तुला काय माहीत? चूक झाली. खोटं कशाला म्हणतीस स्वतःला?”

दोन नारळ मला माहीत नव्हते, हे खरं. पण म मला दिसला होता. उघडं तोंड दिसलं होतं, आणि मी ताण म्हटलं होतं.

“राहू दे तसंच,” मी म्हटलं.

त्यानं पेन त्या ओळीवर नेलं आणि परत उचललं. मग टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला. त्या ओळीखाली मी रेघ मारली नाही. पत्रक तसंच छापायला गेलं.